जाणकारांचे मौन आणि नागरिकांचे प्रश्न

(विज्ञान दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखादे यान अवकाशात झेपावले किंवा नव्या बनावटीचे विमान सेवेत दाखल झाले, की वृत्तपत्रे, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी तज्ज्ञांना पाचारण करतात. त्यांना विचारावयाचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. वेग किती, उंची किती, खर्च किती, आणि शेवटी, आपल्याला लहानपणी प्रेरणा कोणाची मिळाली? तज्ज्ञ सौजन्याने उत्तरे देतात, श्रोत्यांचा ऊर अभिमानाने भरून येतो आणि कार्यक्रम संपतो. यात गैर काही नाही. परंतु याला संवाद म्हणता येणार नाही. हा सत्कार झाला. संवादाला खरा आरंभ होतो तो वेगळ्या प्रश्नांनी. आपण सांगता ते आपल्याला कशावरून ठाऊक? आपल्याच सहकाऱ्यांपैकी कोणाचे मत याहून निराळे आहे काय? आणि अंदाज चुकला, तर त्याची किंमत कोण मोजणार?

असे प्रश्न विचारणारा सामान्य माणूस अडाणी किंवा उद्धट ठरविला जातो. विषय गुंतागुंतीचा आहे, तो जाणकारांवर सोपवावा, असे त्याला सांगण्यात येते. हा सल्ला वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो. विमानाचा पंख किती जाड असावा हे मतदान घेऊन ठरविता येत नाही, हे उघडच आहे. तथापि गेल्या चार दशकांतील अंतराळ आणि विमानविद्येतील मोठे अपघात तपासून पाहिले, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. त्यांतील काही अत्यंत भीषण अपघात ज्ञान अपुरे पडल्यामुळे झालेले नाहीत. धोका ओळखणारी माणसे त्या त्या संस्थेत हजर होती. जाणणारा आणि ठरविणारा यांच्यातील बोलणे तुटले होते, आणि ज्यांच्या जिवाशी खेळ चालला होता त्यांना तर त्या बोलण्यात जागाच नव्हती.

एका रात्रीचे संभाषण

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी आकाशात फुटले. सात जण मृत्युमुखी पडले. त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळाशिक्षिका होती आणि तिचे कौतुक पाहण्यासाठी देशभरातील शाळकरी मुले दूरचित्रवाणीसमोर बसली होती. हा इतिहास पुष्कळांना माहीत असतो. त्याच्या आदल्या रात्री काय घडले, हे तितकेसे माहीत नसते.

यानाच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचे प्रचंड अग्निबाण जोडलेले असत. ते युटा राज्यातील मॉर्टन थायोकॉल या कंपनीत तुकड्यातुकड्यांनी तयार होत, आगगाडीने प्रक्षेपण केंद्रापर्यंत येत आणि तेथे एकमेकांना जोडले जात. सांध्यांतून तप्त वायू निसटू नये म्हणून त्यांत केवळ पाव इंच जाडीची रबरी कडी बसविलेली असत. थंडीत रबर ताठरते, लवकर पूर्ववत होत नाही, आणि सांधा उघडा राहण्याचा धोका संभवतो. कंपनीचे अभियंते रॉजर बॉइसजोली यांनी जुलै १९८५ मध्येच वरिष्ठांना लेखी इशारा दिला होता की, या सांध्याकडे दुर्लक्ष झाले तर मनुष्यहानी होईल.

२७ जानेवारीच्या रात्री कंपनी आणि नासा यांच्यात दूरध्वनीवरून बैठक झाली. दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी पडणार होती. बॉइसजोली आणि त्यांचे सहकारी आर्नी थॉम्प्सन यांनी आकडे मांडले. पूर्वीचे सर्वांत थंड उड्डाण सुमारे १२ अंश सेल्सियस तापमानाला झाले होते आणि त्या वेळी पहिले कडे ओलांडून गेलेल्या वायूची काजळी सापडली होती. त्याहून कमी तापमानात यान सोडू नये, अशी कंपनीची पहिली शिफारस होती. नासाच्या अधिकाऱ्यांनी तीव्र नापसंती दर्शविली. कंपनीने आपसांत विचार करण्यासाठी पाच मिनिटांची मुदत मागितली. ती चर्चा अर्धा तास चालली. अखेरीस एका वरिष्ठ व्यवस्थापकाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सांगितले की, आता अभियंत्याची टोपी उतरवा आणि व्यवस्थापकाची टोपी घाला. मराठीत टोपी घालण्याला जो दुसरा अर्थ आहे, तो येथे अगदीच गैरलागू नाही. मत द्यावयाला चार व्यवस्थापक होते; अभियंत्यांना मत विचारले गेले नाही. शिफारस फिरली. प्रक्षेपण केंद्रावर उपस्थित असलेले कंपनीचेच अधिकारी अ‍ॅलन मॅक्डॉनल्ड यांनी संमतिपत्रावर सही करण्यास नकार दिला, तेव्हा ती सही युटातून दुसऱ्याने केली. उड्डाणाच्या वेळी तापमान २ अंशांच्या आसपास होते.

या संभाषणात एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. एरवी यान सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी उडविणाऱ्यावर असे. त्या रात्री ती जबाबदारी उलटली, आणि यान असुरक्षित आहे हे सिद्ध करून दाखवा, असे अभियंत्यांना सांगण्यात आले. शंका घेणाऱ्यावर पुराव्याचे सगळे ओझे टाकले, की शंका आपोआप हरते. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, तो योग्यच आहे. परंतु रबराच्या कड्याला संशयाचा फायदा देण्याचे काही कारण नव्हते.

फाइनमन यांनी कोणाला विचारले

अपघाताच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉजर्स आयोगावर रिचर्ड फाइनमन हे नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ होते. ११ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांनी भर बैठकीत रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडविला आणि बाहेर काढून दाखविला. रबर काही सेकंद पूर्ववत झाले नाही. हा प्रयोग जगप्रसिद्ध झाला. परंतु त्यांना थंडीकडे पाहण्याची दिशा कशी मिळाली, ती हकीकत अधिक बोलकी आहे. आयोगाचे दुसरे सदस्य जनरल कुटिना यांनी, आपण मोटारीचा कार्बुरेटर दुरुस्त करीत होतो, थंडीचा रबरी कड्यांवर काय परिणाम होत असेल, असा प्रश्न त्यांना सहज म्हणून विचारला होता. कुटिना यांना ही माहिती पुरविली होती सॅली राइड यांनी. अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन महिला, आयोगाची सदस्य, आणि तरीही तापमान व रबराची लवचीकता यांचा तक्ता असलेला कागद तिला गुपचूप हाती द्यावा लागला. २०१२ साली राइड यांचे निधन झाल्यानंतरच हे नाव बाहेर आले. ज्या संस्थेत अशा मान्यवर व्यक्तीला सत्य कुजबुजत सांगावे लागते, त्या संस्थेत सामान्य कामगाराची काय कथा?

कामगारांची कथाही फाइनमन यांनीच नोंदवून ठेवली आहे. ते मोठ्या अधिकाऱ्यांच्या सादरीकरणांवर समाधानी राहिले नाहीत. अग्निबाणाचे भाग जोडणाऱ्या कामगारांकडे ते गेले आणि काम कसे करता, हे विचारीत बसले. तेथे त्यांना कळले की, भागाची गोलाई तपासताना कडेची सुमारे १८० भोके मोजावी लागतात, आणि मोजता मोजता माणूस चुकतो. परिघावर चार ठिकाणी रंगाच्या रेघा ओढल्या, तर ४५ च्या पुढे मोजावेच लागणार नाही, ही सूचना खालून वर गेली होती. फार खर्च येईल, असे उत्तर मिळाले. रंगाचा खर्च नव्हे, सूचनापुस्तिका बदलण्याचा. कोट्यवधी डॉलरच्या यानाला चार रेघा परवडल्या नाहीत!

त्याहूनही उद्बोधक आहे तो आकड्यांचा हिशेब. यान नष्ट होण्याचा संभव किती, या प्रश्नाला व्यवस्थापनाचे उत्तर होते, एक लाख उड्डाणांत एकदा. प्रत्यक्ष काम करणाऱ्या अभियंत्यांचे उत्तर होते, सुमारे शंभरात एकदा. एकाच संस्थेत, एकाच यंत्राबद्दल, दोन उत्तरांत हजारपटींचे अंतर! लाखात एक याचा अर्थ असा की, रोज एक यान सोडले तरी पावणेतीनशे वर्षांत एकच अपघात व्हावा. प्रत्यक्षात १९८१ ते २०११ या काळात या प्रकारच्या यानांची १३५ उड्डाणे झाली आणि त्यांत दोन याने नष्ट झाली. म्हणजे दर ६७-६८ उड्डाणांत एक. इतिहासाने कौल कोणाच्या बाजूने दिला, हे सांगावयाला अर्थशास्त्राची किंवा संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

नष्ट झालेले दुसरे यान म्हणजे 'कोलंबिया'. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते पृथ्वीकडे परतताना विदीर्ण झाले. सात बळींमध्ये हरयाणातील कर्नालची कल्पना चावला होती. उड्डाणाच्या वेळीच फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. किती इजा झाली हे पाहण्यासाठी यानाची छायाचित्रे मिळवावीत, अशी मागणी अभियंत्यांनी एकदा सोडून तीनदा केली. वरिष्ठांनी ती पुढे जाऊ दिली नाही. चौकशी मंडळाने स्पष्ट म्हटले की, चॅलेंजरच्या वेळचे दोष संस्थेत तसेच राहिले होते. दोन्ही चौकश्यांवर काम केलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे सॅली राइड. सतरा वर्षांनी तिला तोच धडा दुसऱ्यांदा वाचावा लागला.

बाजारपेठ आणि वैमानिक

ही दोन उदाहरणे सरकारी संस्थेची आहेत. त्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, दोष नोकरशाहीचा आहे, खाजगी उद्योग आणि स्पर्धा आली की सर्व सुरळीत होईल. त्यांनी बोइंग कंपनीच्या ७३७ मॅक्स विमानांची कहाणी वाचावी.

२०१० च्या डिसेंबरमध्ये एअरबस या प्रतिस्पर्धी कंपनीने इंधन वाचविणारे नवे विमान जाहीर केले. बाजार हातचा जाईल या भीतीने बोइंगने पूर्णतः नवे विमान बांधण्याऐवजी जुन्याच ७३७ ला मोठी इंजिने बसविली. त्यामुळे काही परिस्थितीत विमानाचे नाक वर उचलले जाण्याची प्रवृत्ती निर्माण झाली. ती आवरण्यासाठी नाक आपोआप खाली दाबणारी एक संगणकीय योजना बसविण्यात आली. ती विसंबून होती वाऱ्याशी होणारा कोन मोजणाऱ्या एकाच संवेदकावर. तो बिघडला तर काय, याला पुरेसे उत्तर नव्हते. आणि वैमानिकांच्या हाती देण्यात आलेल्या पुस्तिकेत या योजनेचा उल्लेखच नव्हता. वैमानिकांना नव्याने सिम्युलेटरवर शिक्षण द्यावे लागले, तर विमान कंपन्यांचा खर्च वाढेल आणि विक्री मंदावेल. एका मोठ्या गिऱ्हाईकाशी तर असा करार होता की, असे शिक्षण आवश्यक ठरल्यास बोइंगने प्रत्येक विमानामागे दहा लाख डॉलरची सूट द्यावी. अज्ञानाला एवढा भाव क्वचितच मिळाला असेल.

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरचे विमान समुद्रात कोसळले आणि १८९ जण दगावले. त्याचा कप्तान एक भारतीय तरुण होता. नाक का खाली जात आहे, हे अखेरपर्यंत त्याला कळले नाही. कळावे अशी सोयच केलेली नव्हती. महिन्याभराने, २७ नोव्हेंबरला, अमेरिकेतील वैमानिकांच्या संघटनेच्या प्रतिनिधींनी बोइंगच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून जाब विचारला. आमच्या विमानात काय आहे, हे जाणण्याचा आम्हाला अधिकार नाही काय? अधिकाऱ्यांचे उत्तर असे की, वैमानिकांना अनावश्यक माहितीचा भार होऊ नये, आणि एखाद्याला दहा लाख मैल उडूनही असा प्रसंग जेमतेम एकदा पाहावयास मिळेल. वैमानिकांचे समाधान झाले नाही, पण विमाने उडत राहिली. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात दुसरे विमान पडले आणि १५७ जण गेले. दोन्ही मिळून ३४६. त्यानंतर जगभर ही विमाने जमिनीवर उतरविण्यात आली.

या प्रकरणी नियंत्रण ठेवणारी सरकारी यंत्रणा काय करीत होती? तिने तपासणीचे पुष्कळसे काम बोइंगच्याच कर्मचाऱ्यांकडे सोपविलेले होते. कारण एकच की, इतके किचकट ज्ञान त्यांच्याजवळच आहे. म्हणजे परीक्षार्थ्यानेच उत्तरपत्रिका तपासावी, कारण विषय त्याला सर्वांत चांगला येतो!

नासावर वेळापत्रकाचा आणि निधीचा दाब होता. बोइंगवर नफ्याचा आणि भागभांडवलाच्या किमतीचा. दाबाचे स्वरूप निराळे असले, तरी परिणाम एकच झाला. निर्णय घेणाऱ्याला धोका पत्करावा लागत नव्हता आणि धोका पत्करणाऱ्याला निर्णयात भाग नव्हता. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, लाभ एकाच्या खात्यावर आणि तोटा दुसऱ्याच्या खात्यावर मांडला गेला. असा हिशेब जेथे चालतो, तेथे धोक्याचा आकडा नेहमीच लहान दिसू लागतो. तो मुद्दाम खोटा लिहावा लागत नाही.

आपल्याकडची परंपरा

भारतीय अवकाश संशोधनाच्या इतिहासात यापेक्षा चांगली उदाहरणे आहेत, ती विसरता कामा नये. १० ऑगस्ट १९७९ रोजी आपला पहिला उपग्रहवाहक अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळला. प्रकल्पाचे संचालक अब्दुल कलाम होते. पण वार्ताहरांना सामोरे गेले ते संस्थेचे प्रमुख सतीश धवन. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० रोजी यश मिळाले, तेव्हा मात्र वार्ताहरांशी बोलावयास त्यांनी कलाम यांना पुढे केले. हा केवळ एका सज्जन माणसाचा मोठेपणा नव्हे. अपयशाचा जाब वरच्याने द्यावयाचा, हा दंडक असेल, तर खालचा माणूस शंका बोलून दाखविण्यास धजावतो. ज्या ठिकाणी अपयशाचे खापर खालच्यांच्या डोक्यावर फुटते, तेथे इशारे कागदावरच राहतात.

दुसरे उदाहरण विक्रम साराभाईंच्या कल्पनेतून आलेल्या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगाचे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष, सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत अमेरिकन उपग्रहावरून शेती, आरोग्य, शिक्षण यांविषयीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. साराभाई १९७१ मध्येच निवर्तले होते. प्रयोग उभा केला यशपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. यातील लक्षणीय गोष्ट म्हणजे अभियंत्यांबरोबर समाजशास्त्रज्ञही कामाला लावले होते आणि काही खेड्यांत मानववंशशास्त्रज्ञ मुक्काम ठोकून राहिले होते. लोकांना काय समजले, काय पटले, काय निरुपयोगी वाटले, हे त्यांनी लोकांकडूनच जाणून घ्यावयाचे होते. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात तर पुढे अनेक वर्षे गावकऱ्यांना बरोबर घेऊन, त्यांचेच प्रश्न मांडणारे कार्यक्रम तयार झाले. अवकाशातून खेड्यात बोलणे ही तंत्रज्ञानाची करामत होती. खेड्याचे ऐकणे ही लोकशाहीची.

या परंपरेशी विसंगत अशा गोष्टीही घडतात. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे अवतरक चंद्रावर आदळले. अपयशाचा शोध घेणारी समिती बसली, तिने काम केले, पण तिचा संपूर्ण अहवाल नागरिकांपुढे ठेवण्यात आला नाही. संसदेत त्रोटक उत्तर देण्यात आले. नेमके काय बिघडले हे तपशिलाने उघड सांगितले गेले ते २०२३ साली, पुढच्या यानाच्या उड्डाणाच्या सुमारास. त्या यानाची आखणीच मागील अपयश समोर ठेवून केली होती आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते चंद्रावर सुखरूप उतरले. म्हणजे संस्था स्वतः चुकांतून शिकली, हे निःसंशय. परंतु ज्यांच्या पैशावर हे शिक्षण झाले, त्या जनतेला चार वर्षे वर्गाबाहेर उभे करण्याचे कारण नव्हते. माणूस घेऊन जाणारे यान पाठविण्याचा संकल्प देशाने सोडला आहे. त्या यानात जे बसतील, त्यांच्यासाठी तरी शंका, मतभेद आणि अहवाल उघडे असले पाहिजेत.

प्रश्न विचारण्याची विद्या

यावर असा आक्षेप येईल की, सामान्य नागरिकाला रबराची लवचीकता किंवा पंखाचा कोन काय कळणार? आक्षेप खरा आहे, पण तो मुद्द्याला धरून नाही. नागरिकाने उत्तर द्यावयाचे नाही, त्याने प्रश्न विचारावयाचा आहे. आणि त्यासाठी लागणारी विद्या अवघड नाही. हा आकडा कोणी काढला आणि तो चुकीचा ठरला तर त्याचे काय बिघडते? तपासणारा आणि तपासला जाणारा यांचा पगार एकाच तिजोरीतून निघतो काय? विरोधी मत नोंदविले गेले काय, आणि ते नोंदविणारा आज कोठे आहे? कारखान्यात प्रत्यक्ष हात लावणाऱ्याला कोणी विचारले काय? हे प्रश्न धरण, अणुवीज केंद्र, औषधाचा कारखाना, रेल्वेचा पूल, कशालाही लावता येतात. महाराष्ट्राने २००२ साली आणि देशाने २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, तो याच प्रश्नांना पाय फुटावेत म्हणून.

ही सवय शाळेपासून लागली पाहिजे. कोल्हापुरात जन्मलेले आणि पुण्यात २०२५ साली निवर्तलेले जयंत नारळीकर यांच्याभोवती व्याख्यानानंतर स्वाक्षरीसाठी मुलांची झुंबड उडे. तेव्हा ते सांगत की, स्वाक्षरी हवी असेल तर पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. तज्ज्ञ आणि जनता यांच्यातील नाते कसे असावे, हे या लहानशा अटीत आले आहे. भक्ताला स्वाक्षरी मिळते. विद्यार्थ्याला उत्तर मिळते.

मॅक्डॉनल्ड यांनी सही नाकारली, त्याबद्दल त्यांना आधी पदावरून बाजूला सारण्यात आले. अमेरिकन काँग्रेसच्या सभासदांनी हस्तक्षेप केल्यावर त्यांना परत बोलावण्यात आले आणि सदोष सांधा नव्याने घडविण्याचे काम त्यांच्याच देखरेखीखाली झाले. एकटा प्रामाणिक तज्ज्ञ संस्थेच्या आत फार काळ टिकाव धरू शकत नाही. त्याला बाहेरून लोकप्रतिनिधींचा, वृत्तपत्रांचा, संघटनांचा आधार लागतो. हा आधार देणे हे नागरिकांचे काम आहे, आणि त्यासाठी अग्निबाणाचे शास्त्र शिकण्याची गरज नाही. कोण बोलू पाहत आहे आणि त्याला कोण बोलू देत नाही, एवढे पाहण्याची नजर असली म्हणजे पुरे.